माझ्या तोटीवरचं कुंकू

मित्रांनो, मी वालूरच्या महिला बचत गटाचा जुना ऑटोक्लेव्ह आहे. जाड पत्र्याचा, नट-बोल्टांच्या झाकणाचा, वाफेने जंतू मारणारा डबा. गटाच्या छबूबाई मला 'मोठा कुकर' म्हणतात. म्हणू देत! पण डाळीच्या कुकरला जे चालतं ते मला चालत नाही, हे यांना कोण सांगणार?

आधी मी परभणीच्या एका प्रयोगशाळेत होतो. तिथे मला रोज पुसत. इथे भिजवलेल्या ज्वारीच्या पिशव्या माझ्या पोटात येतात. मी ती ज्वारी निर्जंतुक करतो, मग तिच्यावर ट्रायकोडर्मा नावाची हिरवी मित्रबुरशी वाढवतात. ती हरभऱ्याच्या बियाण्याला चोळली की मर रोग आटोक्यात राहतो. माझी अट एकच. आधी तोटी उघडून पोटातली हवा बाहेर जाऊ द्या. हवा अडकली तर दाबाचा काटा पंधरावर जातो, पण आत पुरेसा ताप चढत नाही आणि जंतू मजेत जगतात.

गेल्या खंडेनवमीला छबूबाईंनी मला पुजलं. झेंडूचा हार घातला आणि ओल्या हळदी-कुंकवाचं बोट लावलं ते नेमकं तोटीच्या भोकावर! अहो, एवढं मोठं झाकण होतं की! कुंकू वाळून घट्ट बसलं.

तिसऱ्या दिवशी साठ पिशव्या आत गेल्या. मला चालवायचं शिकून आलेली त्यांची सून ज्ञानेश्वरी तेव्हा माहेरी होती. तोटी उघडली, वाफ काही येईना.

"बरं झालं, वाफ वाया जाईना. गॅस तरी वाचला," म्हणत छबूबाईंनी तोटी बंद केली. मी आत नुसता फुरफुरत होतो. ऐकतंय कोण!

चार दिवसांत पिशव्यांत काळी बुरशी आली, आंबट वास सुटला. पेरणी पंधरा दिवसांवर आलेली आणि चाळीस घरं वाट बघत होती. छबूबाईंचे मालक किशनराव म्हणाले, "यंत्रच बाद झालंय. घाला भंगारात." मी भंगारात! राग आला हो मला, आणि रडूही.

ज्ञानेश्वरी परत आली. "आत्याबाई, तोटीतून वाफ निघाली व्हती का?"

"न्हाई. का गं?"

तिने दाभण घेऊन भोकात घातलं. लाल खपली बाहेर पडली.

"अगं बया! म्याच की गं पुजलं त्याला!" छबूबाईंनी ती खपली तळहातावर घेतली.

दुसऱ्या खेपेला मी दहा मिनिटं मनसोक्त फसफसलो. आठवड्यात ज्वारी हिरवीगार झाली. पण त्या चाळीस घरांतल्या बन्सीधरकाकांना तोवर थांबता आलं नाही, त्यांनी बियाण्याला बुरशी न चोळताच पेरलं. पुढे त्यांच्या रानात हरभरा जागोजागी वाळला. छबूबाई त्या बांधावरून जाताना मान खाली घालत.

मित्रांनो, हार नका घालू एक वेळ, पण आमची भोकं मोकळी ठेवा.

यंदा खंडेनवमीला छबूबाई ताट घेऊन आल्या तेव्हा माझं सगळं लक्ष तोटीकडे. त्यांनी आधी दाभणाने तोटी साफ केली, फुंकून बघितली. मग कुंकू लावलं माझ्या पायाला. आणि एक बोट त्या दाभणालाही.