खांद्यावरची रिकामी पिशवी

डॉक्टरीणबाईंनी काट्यावरचा आकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा आकड्याकडे.

"अहो, तुम्ही पोस्टात ना? पायी फिरणाऱ्या बाईचं वजन इतकं भराभर कसं वाढतंय?"

आता काय सांगायचं? पाचवा लागला तशी साहेबांनी तिची वाटपाची पिशवी काढून घेतली आणि तिला खिडकीमागे शिक्के मारायला बसवलं. तेही किती मायेनं! स्वतःच्या खुर्चीतली उशी आणून दिली. तिनं विनवून पाहिलं, तर म्हणाले, "बाळ झाल्यावर फिरा की हवं तेवढं. उद्या काही झालं तर खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

"बाळ छान आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण रक्तातली साखर काठावर आलीय. खाण्याकडे बघा आणि रोज चाला. दुखलं, दम लागला, की थांबायचं. पुढच्या तपासणीपर्यंत साखर आटोक्यात आली नाही, तर इंजेक्शनं सुरू करावी लागतील."

दारोदारच्या कुत्र्यांना न घाबरणारी ही बाई सुईला मात्र लहानपणापासून घाबरे.

घरी तिनं सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुधाचा पेला पुढे केला.

"चालायचंय ना? मग अंगात बळ नको?"

"आई, साखर वाढलीय म्हणाल्या त्या."

"मग बिनसाखरेचं देते. त्यात काय!"

नवऱ्याला वाटलं, आपणही काही हातभार लावावा. "मी तुला स्कूटरवरून बागेपर्यंत सोडतो. तिथं बाकावर मस्त बसून राहा."

तिनं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ती आपल्या जुन्या वाटेनं निघाली. या रस्त्यावरचं दारन् दार तिच्या ओळखीचं. तिथंच तर घोडं अडलं. कोपऱ्यावरची शिवणकामवाली मशीन थांबवून धावत बाहेर आली.

"अगं बाई, पोस्टीणबाई! अशा अवस्थेत पायपीट? बसा आधी." आणि खुर्ची आलीसुद्धा. खुर्चीमागून केळं आलं. पुढं इस्त्रीवाल्यानं स्टूल पुसून दिलं. औषधाच्या दुकानदारानं पंखा तिच्याकडे वळवला आणि बिस्किटाचा पुडा फोडला. नाही म्हटलं तर म्हणतात, "तुमच्यासाठी नाही हो, बाळासाठी." आता बाळाच्या नावानं पुढं केलेलं कसं परतवायचं? घरी पोचली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण चाललो थोडं आणि चरलोच जास्त.

तिसऱ्या दिवशी तर कुणीतरी परस्पर घरी फोन केला आणि नवरा स्कूटर घेऊन हजर. मागं बसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देवा, ती मनात म्हणाली, यांची माझ्यावरची माया जरा कमी कर रे. थोडीशीच.

कचेरीत मागच्या खुंटीवर तिची जुनी, पट्टा विरलेली पिशवी लटकत होती. टाकून द्यायचीच होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिनं ती उचलली, आत पाण्याची बाटली टाकली आणि खांद्याला लावून निघाली.

काय नवल! शिवणकामवालीनं मशीनवरून मान वर केली. "आमचं काही?"

"आज नाही."

मशीन पुन्हा सुरू. इस्त्रीवाला नुसता हसला. दुकानदारानं तर पाहिलंही नाही. पोटुशी बाई दिसली की लोकांना खुर्ची आठवत होती आणि पिशवी दिसली की टपाल. ती पार पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन आली. पाय मोकळे झाले, पोटातलं लेकरूही सुखानं हललं.

दोनच दिवस हे सुख लाभलं. पिशवीची बातमी सासूबाईंपर्यंत पोचली. गुडघे धरत, धापा टाकत त्या शिवणकामवालीच्या दुकानासमोर येऊन उभ्याच राहिल्या.

"या दिवसांत ओझं उचलतेस? आण इकडे!" असं म्हणून त्यांनी सगळा जोर लावून पिशवी हिसकावली. पिशवी इतकी हलकी निघाली, की त्याच मागच्या मागं झोकांडल्या. सुनेनं दंडाला धरलं म्हणून बरं. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"यात तर काहीच नाही! हे काय सोंग गं?"

इतके दिवस दाबून धरलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "मग काय करू, आई? रिकाम्या हातांनी निघाले की जो तो मला बसवतो आणि भरवतो. साहेब बसवतात, तुमचा लेक बसवतो, तुम्ही पेले घेऊन मागं लागता. तुम्ही सगळे मिळून मला बसवून बसवून त्या सुईपर्यंत नेणार आहात! टोचून मला घ्यायचंय, तुम्हाला नाही!"

तिचा आवाज सासूबाईंनी असा चढलेला कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात शिवणकामवाली सवयीनं खुर्ची घेऊन बाहेर आली, हातात केळंही होतं.

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग स्वतःच खुर्चीत बसल्या आणि केळं सोलायला घेतलं.

"जा. टाकीपर्यंत जा आणि ये. तुझ्या वाटची मी बसते."

ती दोन पावलं गेली असेल, तोच मागून हाक आली.

"अगं, ही पिशवी घे! नाहीतर तो इस्त्रीवाला आहेच पुढं. आणि भरभर जाऊ नकोस! घाम आला की थांब. घरी आल्यावर दूध..."

"आई!"

"बरं, अर्धा पेला."

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि टाकीकडे चालू लागली.