परातीतली पावडर

टेबलावर निळ्या हातमोज्यांचे सहा जोड होते, दुधी रबरी चौदा, आणि एक निळा सुटा. त्याचा जोडीदार अंगठ्याशी फाटला होता. दामिनीने बोट ठेवत ठेवत दोनदा मोजले.

"मोजून वाढणार हायत का?" गंगम्मा म्हणाली.

"वाढणार नाहीत. पण सहा पुरतील का ते कळतं, मावशी."

"पुरतेत. तू काय चार हातांची हायस का?"

गंगम्माचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. उदगीरच्या या दवाखान्यात मोजे मोठ्या खोक्यांतून सुटे येत. त्यांचे जोड लावायचे, मनगटाची कड दुमडायची, हिरव्या कापडात बांधायचे आणि जंतू मारायला ऑटोक्लेव्हच्या वाफेतून काढायचे, हे तिचे काम. थोरल्या पोराच्या लग्नाआधीपासून ती ते करत होती, आणि तिने बांधलेले पाकीट दुसऱ्या कुणी बांधलेल्यातून डोळे मिटून ओळखता आले असते.

निळे मोजे एकट्या दामिनीसाठी, ऑपरेशन थिएटरच्या नर्ससाठी, होते. रबराच्या झाडाचा चीक तिला सोसत नव्हता. रबरी मोजे घातले की मनगटावर गांधी उठत, आणि थिएटरमध्ये दुपारपर्यंत छाती आवळून येई. म्हणून डॉक्टर वीरभद्रांनी लातूरहून नायट्राइलचे मोजे मागवले होते. ते कारखान्यात रसायनांपासून बनलेले, झाडाशी काही संबंध नसलेले. दामिनीने खोक्यावरचा बारीक मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. तरीही गांधी उठतच होत्या.

ऑपरेशन आटोपले की ती व्हरांड्यात जाऊन एक प्लास्टिकची नळी फुंके. श्वास किती जोराने बाहेर पडतो ते त्या नळीवरचा लाल काटा दाखवत असे. तीनदा फुंकायचे आणि सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. त्या दिवशी काटा दोनशे सत्तरवर थांबला.

"झालं का पिपाणी वाजवून?" गंगम्माने विचारले.

मागे डॉक्टर उभे होते. त्यांनी नळी हातात घेऊन काटा पाहिला.

"निळ्यांनीही उतार नाही म्हणजे काही तरी वेगळंच आहे, दामिनी. हा आठवडा बघू. नाहीतर तू ओपीडीत बस. केसपेपर कर."

"सर, मी थिएटरमध्येच..."

"मला कळतं. पण तुझी छाती बिघडवून मला ऑपरेशनं करायची नाहीत."

दामिनीने नळी परत घेतली. ऑपरेशनच्या मध्यावर सरांचा हात वर न बघता पुढे यायचा आणि हवा तो चिमटा त्यात आपोआप पडायचा. त्यासाठी तिला कधी विचार करावा लागला नव्हता. केसपेपरवर नाव, गाव आणि वय लिहायला कुणीही बसू शकले असते.

रविवारी थिएटर बंद होते. तिने खोक्यातून एक निळा मोजा काढून डाव्या हातात घातला. उजव्यात गंगम्माने बांधलेल्या पाकिटातला निळा घातला. दोन्ही मूळचे एकाच खोक्यातले होते. मग ती खिडकीशी बसून गॉजच्या घड्या घालू लागली. पहिला गठ्ठा संपायच्या आत उजवे मनगट खाजू लागले. दुसरा संपल्यावर तिने दोन्ही मोजे उतरवले. उजव्या मनगटावर पाच गांधी होत्या. डावे मनगट कोरे होते.

तिने उजव्या हातातला मोजा उलटा केला आणि काळ्या फाइलवर झटकला. फाइलवर पांढरा थर बसला.

गंगम्मा मागच्या अंगणात चाळणी धूत होती.

"मावशी, माझ्या निळ्यांना पावडर लावता का?"

"हाव. लावते की. तुझ्यात तर दोन चिमटी जास्तीच."

"जास्ती?"

"मग! तुझे हात बघवत न्हाईत. निळे लई आवळतेत, कोरडेच घातले तर आजून सोलवटतील. म्हणून मीच..." दामिनीचा चेहरा पाहून ती थांबली. "का ग? काय झालं?"

दामिनीने भिंतीला टेकवलेल्या पितळी परातीकडे पाहिले. गंगम्माने ती घरून आणलेली होती. त्या परातीत पावडर पसरून रबरी मोजे घोळायचे, उरलेली चाळून पुन्हा वापरायची.

"पावडर वाईट नाही, मावशी. पण या परातीत रबरी मोजे घोळले जातात. रबरातलं जे मला सोसत नाही ते पावडरीला चिकटतं. मग तीच पावडर निळ्यांना लागते."

गंगम्माने हात लुगड्याला पुसले.

"म्हंजे झाडाचं न्हाई म्हणून सरांनी लातूरहून आणलं, अन् मी त्यात झाड घालून राहिले."

"तुम्हाला काय माहीत!"

"तुझ्या गावच्या, कंधारच्या लोकांना कळू देऊ नको, बाई. इथं येऊन माझी चाळणी फोडतील." ती हसली, पण चाळणी पुन्हा धुवायला घेतली नाही. "उद्यापासून तुझे कोरडे बांधते. बास?"

"बास," दामिनी म्हणाली.

बास नव्हते; सरांच्या मोज्यांना तीच पावडर होती. पण बाहेरगावचे डॉक्टर आले की सर ओपीडीत मोजा चढवून दाखवत, गंगम्माच्या पावडरीने बोटे कशी सरकन आत जातात ते. मग दारात उभी असलेली गंगम्मा कौतुकाने लाजून, पदर सावरून दुसरीकडेच बघत असे. दामिनीने तेवढ्यावरच थांबायचे ठरवले.

सोमवारी तिचे पाकीट कोरडे होते. ऑपरेशननंतर तिने मोजे काढले तेव्हा मनगटे स्वच्छ होती. गंगम्मा व्हरांड्यात वाटच पाहत होती.

"पिपाणी किती बोलली?"

"तीनशे."

"अन् बोलायला पायजे किती?"

"दिवाळीत कंधारला चारशे होती."

"हात तर साफ हायत."

"हात साफ आहेत."

"मग छातीत कुठून जाऊन राहिलं?"

दामिनीने काटा खाली सरकवला. गंगम्मा हलली नाही.

"उद्या सर मोजे घालतील तेव्हा दारापासून बघा," शेवटी दामिनी म्हणाली. "खिडकीतून ऊन येतं तिथं."

मंगळवारी गंगम्मा थिएटरच्या दाराच्या काचेशी उभी राहिली. तिचे काम पाकीट देऊन संपायचे, त्यामुळे इथून तिने कधी पाहिले नव्हते. सरांनी मोजा ओढला आणि मनगटाशी सोडला. उन्हात एक बारीक पांढरा ढग उठला. तो टेबलावर तरंगला, दिव्याखाली पसरला आणि दामिनीच्या मास्कभोवती रेंगाळला. दुसऱ्या हाताचा ढग उठला तेव्हा पहिला खाली बसला नव्हता. गंगम्मा निघून गेली.

बुधवारी सकाळी थिएटरची फरशी, भिंती, दिवा, सगळे ओल्या फडक्याने पुसलेले होते. सरांनी मोज्यात हात घातला आणि तो मध्येच अडकला.

"गंगम्मा! हे काय आज? बोटंच जाईनात."

"पावडर सरली, सर," दारातून उत्तर आले.

"मग मागवायची."

"उदगीरात भेटून न्हाई राहिली."

"अख्ख्या उदगीरात?"

"लातुरात बी न्हाई."

भूल देणारे डॉक्टर मास्कमध्ये हसले. दामिनीने मान खाली घातली. कपाटात पावडरीचे न उघडलेले तीन डबे होते आणि कपाटाची किल्ली गंगम्माच्या कमरेला होती.

"हात ओले करून घाला. जातेत," गंगम्मा म्हणाली.

सरांनी तिच्याकडे पाहिले, मग दामिनीकडे. पुन्हा हात धुऊन ते आले, आणि दामिनीने उघडलेल्या नव्या पाकिटातला मोजा त्यांनी ओल्या हातावर हळूहळू, एकेक बोट करत चढवला.

"दामिनी, झाल्यावर नळी फुंक आणि मला आकडा सांग," ते म्हणाले. "ओपीडीचं त्यावर ठरवू."

ऑपरेशन दोन तास चालले. मग ती व्हरांड्यात आली. गंगम्मा आधीच तिथे होती.  दामिनीने काटा शून्यावर आणला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकले.

पहिल्यांदा तीनशे साठ. दुसऱ्यांदा तीनशे ऐंशी. तिसऱ्यांदाही तीनशे ऐंशी.