पहिल्या राशीचं मीठ

१९५१ साली ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या कन्याशाळेत दोन खोल्या होत्या, त्रेचाळीस मुली होत्या आणि एक तापट मुख्याध्यापिका होती. ती मी. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी मेअखेर खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. दुसरी जागा मिळाली नाही तर जूनमध्ये शाळा उघडणार नव्हती. एकदा घरी बसलेल्या मुलींपैकी निम्म्यांना आईबाप पुन्हा शाळेचं तोंड दाखवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"कोलशेतच्या बायजाबाई पाटलांना गाठा," आमचे चिटणीस पंढरीनाथ म्हणाले. "मिठागरं आहेत, भातशेती आहे. नवऱ्याने घेऊन ठेवलेली जागा इथे नौपाड्यात पडीक आहे. त्यावर ताट्यांची शेड टाकली तरी शाळा चालेल. नवरा गेल्यापासून बाई एकटीच सगळं बघते. तुम्ही बाईमाणूस, तुम्हीच जा."

फाल्गुनातल्या उन्हात टांगा गावाबाहेर सोडून मी बांधावरून चालत गेले. बायजाबाई ओटीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी श्वास न घेता शाळेची सगळी कहाणी सांगितली आणि जागा मागितली. त्यांनी विचारलं ते भलतंच. पोरी दुपारी काय खातात? पाणी कोण भरतं? नाही मात्र म्हणाल्या नाहीत. मी निघाले तेव्हा आत गेल्या आणि टोपलीभर खडेमीठ घेऊन आल्या. "ने गो घरी," म्हणाल्या.

मी कल्याणची. मीठ कुणाकडून फुकट घेऊ नये, संबंध बिघडतात, हे आईने कानीकपाळी ओरडून सांगितलेलं. मी पिशवीतून एक आणा काढून उंबऱ्यावर ठेवला. आपण किती रीतीला धरून वागतो, असंही मनात येऊन गेलं.

बायजाबाईंनी त्या आण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जागेचा बगू कदीतरी," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

त्यानंतर दोन निरोप पाठवले, एक पत्र पाठवलं. उत्तर नाही. पंढरीनाथांजवळ मी बायजाबाईंना मिजासखोर म्हटलं, आणखीही काय काय म्हटलं. तेव्हा शाळेत पाणी भरणारी रंगूबाई हंडा खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. तीही कोलशेतचीच.

"बाई, तुमी मिठाचे पैसे दिलेत?"

"दिले. का?"

"त्यांचे घरान हंगामाच्या पयल्या राशीचा मीठ इकीत नाय. घरच्या मानसांना वाटतात. लेकीला, बहिनीला. तुमाला घरची समजून दिला, आन तुमी त्यांना दुकानदार केलात."

मी एवढी वर्षं मुलींना वागण्याचे धडे देत होते. त्या दिवशी तासावर मला फळ्याकडून वर्गाकडे वळवेना.

त्या मिठात मी चैत्रातल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं. आठवड्याभराने बरणी घेऊन कोलशेतला गेले. या वेळी पिशवीत अर्ज नव्हता. "जागा मागायला आले नाही," मी म्हणाले. "चुकले, ते सांगायला आलेय. तुमच्याच मिठाचं लोणचं आहे."

बायजाबाईंनी बरणीचं फडकं सोडलं, एक फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. "हिंग जास्त झाला," म्हणाल्या. मग पदराची गाठ सोडून तोच आणा माझ्या हातावर ठेवला. इतके दिवस त्यांनी तो बांधून ठेवला होता. मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं आणि मग जेवायला वाढलं.

पुढे दर रविवारी मी जात राहिले. मागणं सोडलं तेव्हा कुठे मला ती बाई दिसू लागली. बांध फुटला की स्वतः चिखलात उतरणारी, मजुरांना आधी जेवायला घालणारी. तिची लेक शालू एक वर्ष शाळेत गेली होती, मग बायजाबाईंच्या सासऱ्यांनी तिला घरी बसवलं. "बारा वर्सांची लगीन करून दिली," बायजाबाई एकदा म्हणाल्या. "मना तवा बोलता आला नाय." मी शाळेचा विषय काढला नाही. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण जमलं.

एप्रिलच्या शेवटी त्या न सांगता शाळेत आल्या. मागच्या सतरंजीवर मुलींमध्ये बसून त्यांनी भूगोलाचा अख्खा तास ऐकला. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाल्या, "कागद कर गो. जागा पोरींची."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी कचेरीत दस्त लिहायला बसलो. लेखनिक चष्म्यावरून बघत म्हणाला, "नावाला मोबदला एक रुपया दाखवू या. तशी पद्धत असते."

पंढरीनाथांनी तत्परतेने कोटाच्या खिशात हात घातला. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. "काही दाखवायचं नाही," मी लेखनिकाला म्हणाले. "एक पैसाही नाही. बक्षीसपत्र लिहा. घरचं आहे हे."

पंढरीनाथ दुखरं मनगट चोळत राहिले. माझ्या आवाजाने बाहेरचे दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले होते. त्या बाईचे उपकार कसे फेडायचे ते मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही, आणि फेडू नयेत एवढंच त्यांच्याकडून शिकले. बायजाबाईंनी शाईचा अंगठा कागदावर टेकवला, तो पदराला पुसला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"शिकली गो माजी बाई," त्या म्हणाल्या.