घरातल्या घरात नफा

दादांच्या जागी कोण बसणार, थोरला जावई की धाकटी लेक, हे आज ठरायचं होतं. बैठकीच्या खोलीत पडद्यावर जावयाच्या कपाट-कारखान्याचा नफा आभाळाला भिडला होता आणि धाकटीच्या दुकानांचा तोटा लालेलाल दिसत होता.

कोपऱ्यात आत्या बसल्या होत्या, दादांची सख्खी बहीण. हयातभर घरच्या सगळ्या कंपन्यांचे हिशेब त्यांनीच एकत्र केले होते. बेडकी किती फुगते ते बघावं, तशा त्या जावयाकडे बघत होत्या.

"जावईबापू, कायद्याच्या एकत्रित हिशेबात हा नफा का नाही हो?"

"तो हिशेब सरकारसाठी, आत्या. हा व्यवस्थापनाचा, आपल्या आपल्यात."

"आपल्या आपल्यातच विचारते. कपाटं घेतली कोणी?"

"दुकानांनी."

"आणि दुकानं शेजाऱ्यांची?"

धाकटी म्हणाली, "गोदामात पाय ठेवायला जागा नाही, आत्या. मी न मागता कारखान्यातून कपाटं पाठवतात. परत धाडली तर म्हणतात, बिल फाडलंय."

"बाहेरचं गिऱ्हाईक येईपर्यंत कायदा तो नफा धरत नाही," आत्या म्हणाल्या. "या खिशातलं त्या खिशात घातलं म्हणून कोणी श्रीमंत होत नाही, एवढी अक्कल कायद्यालाही आहे."

त्यांना वडील आठवले. त्यांच्या वेळी आतला हिशेब कायद्याहून कडक असे. पडून राहिलेलं कपाट ते भंगाराच्या भावाने धरत. म्हणत, लोकांत पोट आत ओढा हवं तर, घरच्या आरशासमोर कशाला? आता आरशासाठीच पोट आवळणारे आले होते, तेही टाय लावून.

दादा मान खाजवत म्हणाले, "पण पोराने मेहनत केलीय. आकडे बरे दिसतात."

"मग खुर्ची त्यांनाच द्या, बाबा," धाकटी शांतपणे म्हणाली. "मी मात्र आजपासून गिऱ्हाईक मागेल तेवढीच कपाटं घेणार."

"असं कसं?" जावई एकदम बोलून गेला. "मग कारखाना चालायचा कसा?"

आपण काय बोललो ते सगळ्यांच्या शेवटी जावयालाच कळलं.

दादांनी पडदा बंद करायला सांगितला आणि शेजारची खुर्ची धाकटीकडे सरकवली. ती बसली. आत्यांना तिच्यासाठी आनंद झाला, पण भावाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जन्म धंद्यात गेला, आणि एवढं कळायला यांना जावयाचं तोंड लागलं.