उरलेला एक शब्द

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींच्या तोंडची सगळी भाषा पक्षाघाताने नेली आणि एकच शब्द मागे ठेवला, हावेर. पाणी हवं, हावेर. कूस बदलायची, हावेर. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, एखादाच शब्द शाबूत राहतो. अहो, पण राहायचाच तर ओळखीचा तरी राहावा की नाही? बायकोने बत्तीस वर्षं या माणसाच्या एका 'अगं ए'वर संसार ओढला होता. तेवढं उरलं असतं तरी तिने पुढची बत्तीस हसत ओढली असती. कुठली सटवी ही हावेर, असंही तिच्या मनात येऊन गेलं. लाज वाटली, पण आलं खरं.

शेवटी ती उठून तडक त्यांच्या फर्निचरच्या कारखान्यात गेली. तिथे देशोदेशींची माणसं. नवा गडी आला की मिस्त्री नावाआधी विचारायचे, तुमच्यात दोस्ताला काय म्हणून हाक मारतात? मग एकाला अमिगो, दुसऱ्याला हबीबी, कायमचंच. हावेर हा पॉलिशवाल्याच्या मुलखातला शब्द निघाला. एकोणीस वर्षं दोघं एकमेकांना तीच हाक मारत होते, शिव्याही त्यालाच जोडून देत होते. सगळं ऐकून पॉलिशवाल्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. तिला हायसं वाटलं आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. बाई असती तर भांडता तरी आलं असतं.

"घरी या," ती म्हणाली. "तुम्हालाच हाक मारताहेत ते."

रविवारी तो आला, दाढी करून, ठेवणीतला शर्ट घालून. नखांतला पॉलिशचा रंग तेवढा निघाला नव्हता. खाटेशी वाकून म्हणाला, "हावेर." मिस्त्रींनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. त्याने कारखान्यातल्या गमती सांगितल्या, रंधा मारायची नक्कल केली, पुन्हा हाक मारली. मिस्त्रींची नजर त्याच्या खांद्यावरून कुणाला तरी शोधत होती. ती पाण्याचा पेला घेऊन आली तसा त्यांनी बरा असलेला हात पुढे केला, तिचं मनगट घट्ट धरलं.

"हावेर," ते म्हणाले.

पॉलिशवाल्याने त्या घट्ट धरलेल्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला नाही बोलावत तो, वहिनी. तुम्हाला बोलावतोय."

बत्तीस वर्षांत जे तिच्या वाट्याला आलं नव्हतं ते आता आलं होतं, आणि ज्याचं गेलं तो समोर उभा होता. तिला त्याच्याकडे बघवेना. त्याने बूट चढवले, नाडी काही केल्या बांधली जाईना, तशीच सोडून दिली.

"ओ द्या त्याला," तो म्हणाला. "आमच्यात तोच शब्द परत म्हणतात."

तिने पेला खाली ठेवला. मग नीट म्हटलं, "हावेर."

दारापर्यंत पोचलेला पॉलिशवाला सवयीने मागे वळला.