वाळत घातलेला झेंडा

अब्दुल गनीनं शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून लालीबाईचा झेंडा पिळला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं खिशातली वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं : ओलं.

"पाह्यलं ना गनीभाई?" खालून लालीबाई म्हणाली. "कपडाच हाय."

गृहनिर्माण संस्थेच्या बावीस घरांसाठी छतांचा नियम गनीनंच लिहिला होता. मागच्या निवडणुकीत तीन पक्षांच्या झेंड्यांपायी दोन डोकी फुटली, तेव्हापासून छतावर झेंडा, निशाण, पताका बंद. कपडे वाळत घालायला हरकत नाही. सेक्रेटरी म्हणून त्यानं सुरुवात स्वतःच्या घरापासून केली, आईचं हिरवं निशाण उतरवलं. आई दोन महिने बोलली नाही. जेवायला वाढायची मात्र, आपटून.

मग लालीबाई आणि तिचा नवरा फुलसिंग, कापूस बाजारातला रिटायर मापारी, बंजाऱ्यांचा तांडा सोडून तेरा नंबरात राहायला आले. सामान उतरायच्या आधी बांबूवर पांढरा झेंडा चढला.

"उतरवा लागन, बाई," गनी म्हणाला होता.

"मंग शंकरसिंगले घर कसं सापडन? त्यानं तं तांडाच पाह्यला."

शंकरसिंग तिचा मुलगा. अकरा वर्षांपूर्वी मिठाची बैलबंडी घेऊन तो पैनगंगेच्या पुरात उतरला. बंडी सापडली. बैल आपले आपण घरी आले. मीठ अर्थातच सापडलं नाही, आणि शंकरसिंगही नाही. लालीबाईच्या आज्याच्या काळात, बैलांवर माल लादून फिरताना, मागं राहिलेला माणूस पांढरा झेंडा पाहून मुक्काम ओळखायचा. ती तेवढंच धरून बसली होती.

तिनं झेंडा बादलीत बुचकळला, परत बांबूवर चढवला आणि म्हणाली, "आता वाळून राह्यला."

कमिटी यावर दोन तास बसली. ठराव झाला : ओला असेपर्यंत कपडा समजावा, वाळला की झेंडा समजून उतरवावा. तपासणी सेक्रेटरीनं रोज दुपारी बारा वाजता करावी.

मे महिना होता. ओलं धोतर विडी संपायच्या आत कडक व्हायचं. लालीबाईचा झेंडा नऊ दिवस वाळला नाही.

"रोज किती डाव भिजवता?" गनीनं विचारलं.

"एकच डाव भिजवला. पयल्या दिवशी."

दहाव्या दिवशी झेंड्यातून गढूळ पाणी निघालं. तळहाताला रेती लागली. नळाला असं पाणी येत नव्हतं. त्या आठवड्यात नळाला कसलंच पाणी येत नव्हतं.

"हे पाणी कुठलं?"

ओट्यावर फुलसिंग तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही. "मी विचारणं सोडलं, साहेब. तुमीबी सोडा."

"नदी उतरून राह्यला तो," लालीबाई म्हणाली. "येळ तं लागनच."

बाराव्या दिवशी गनीनं झेंडा मुठीत धरला आणि तो पापडासारखा वाजला. पेन्सिल जिभेवर तशीच राहिली. काही न लिहिता तो खाली उतरला. गल्लीत कोणी नाही हे पाहून त्यानं आवाज खाली आणला.

"वाळला, बाई. मी अजून लिवलं नाही. माह्या घरून बादली आणतो."

"कायले? उतरवा आता. काम झालं त्याचं."

ती दारातच उभी होती. उंबरठ्यापासून आत चुलीपर्यंत फरशी ओली होती. फुलसिंग आज ओट्यावर नव्हता; तो आत भिंतीला पाठ लावून बसला होता आणि तंबाखू हातात तशीच होती.

"गनीभाई, राहणाऱ्याइचं रजिस्टर तुमच्याकडंच हाय ना? एक नाव वाढवा."

गनीनं वही उघडली.

"नाव?"

"शंकरसिंग फुलसिंग राठोड."

"वय?"

"गेला तवा एकोणीस होता." ती बोटांवर पुढचं मोजू लागली आणि मध्येच थांबली. दार जरा लोटून तिनं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एकोणीसच लिवा," ती म्हणाली.