फणसाला जामीन

खाडीकडे जाणारा रस्ता रुंद झाला त्या वर्षी कोलशेतच्या वेशीवरची चिंच गेली, आणि राघोबुवा कीर्तनात उभ्या उभ्या रडले. "मायबापहो," म्हणाले, "जिच्या सावलीत माझ्या हाताला पहिल्यांदा टाळ लागला, ती गेली. गेलीला काय करणार? पण उरलीत त्यांना तरी वर्षातून एकदा विचारा, बरं आहे ना बाई, म्हणून."

बुवांचा शब्द गावात खाली पडत नसे. तेव्हापासून माघात झाडांचा उत्सव सुरू झाला. आदल्या दिवशी घरोघरी झाडांची आळी उकरायची, शेणखत घालायचं, खोडाला काव आणि चुना लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठलाच्या देवळात बुवांचं कीर्तन, आणि मग टाळ-मृदंगाच्या गजरात दिंडी निघायची ती अंगणाअंगणातून. घरच्या बाईनं झाडाची ओटी भरायची. हातगाडीवर भोंगा बांधून मंडळाचा मधु पुढे चालायचा आणि ज्यानं झाड लावलं त्याच्या नावानं पुकारा करायचा. "भागीरथीबाईंचं जांभूळ! बोला, पुंडलिक वरदे..." एरवी ज्या बायांचं नाव रेशनकार्डाबाहेर कुणी घेत नसे, त्यांचं नाव त्या दिवशी खाडीपलीकडे ऐकू जाई. चुलीपुढच्या बायासुद्धा पदर सावरून हसायच्या.

तुळसा मात्र त्या दिवशी ओठ मिटून उभी राहायची. कारण तिच्या दारात भोंगा आला की मधु छाती फुगवून ओरडायचा, "आवडाबाईंचा फणस!"

आवडाबाई म्हणजे तुळसाच्या नवऱ्याची, गोमाजीची, पहिली बायको. तुळसा या घरात आली तेव्हा आवडाबाई भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसली होती. सवत जिवंत असती तर तुळसानं तिला दाखवलं असतं. पाणवठ्यावर उभं केलं असतं, चार सुनावल्या असत्या, चार ऐकून घेतल्या असत्या, आणि दोघींनी मिळून गोमाजीला शिव्या घातल्या असत्या. पण मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? मेलेली बाई म्हातारी होत नाही. मेलेली बाई कधी भात करपवत नाही. तिच्या हातचं कालवण दरवर्षी थोडं थोडं चविष्ट होत जातं.

आणि वर हा फणस. आवडाबाईनं माहेराहून आठळी आणून लावलेला. तिच्या काळात बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लगडायचा म्हणे. तुळसानं उंबरठा ओलांडला आणि त्यानं फळ धरायचं सोडलं. एक नाही. गाव काय, बोलायला टपलेलंच. "आवडा गेली नि फनस रुसला," असं जो तो म्हणायचा, आणि तुळसाला वाटायचं, हे सगळे फणसाचं नाव पुढे करून माझ्याबद्दलच बोलतायत.

तिनं काही करायचं बाकी ठेवलं नाही. मासे धुतलेलं पाणी फणसाला. तांदळाचं धुवण फणसाला. गोठ्यातलं शेण आधी फणसाला, मग शेताला. माया होती म्हणून नव्हे, बरं का. एकदा या झाडानं आपल्या हातून खाऊन भरभरून द्यावं आणि त्या तसबिरीतल्या बाईनं ते वरून बघावं, एवढ्यासाठी. फणस हिरवागार झाला, पानं तळहातापेक्षा रुंद झाली, पण फळाचं नाव नाही. दिवसभर ती पानं झाडायची तेवढी तुळसाच्या वाट्याला आली.

शेजारच्या भागीरथीनं एकदा कुंपणावरून हसत हसत सांगितलं, "अगो तुलसे, पोट भरलेलं झाड कशाला देतंय? आवडा तर दिवाळीनंतर त्याला पानी दाखवायची नाय. तहान लागली की मग देतंय ते."

"मग घेऊन जा तुझ्या आवडाला पानी पाजायला," तुळसा म्हणाली आणि मुद्दाम आणखी एक घागर ओतली.

गोमाजी माणूस गरीब. कंपनीतून सुटल्यावर देवळात टाळ घेऊन उभा राहणारा. त्यानं कधी आवडाबाईची स्तुती केली नाही, तुळसाची निंदा केली नाही. फक्त रोज सकाळी अंघोळ झाली की ओल्या अंगानं एक तांब्या फणसाच्या मुळाशी ओतायचा आणि खोडावर तळहात टेकवायचा. एवढंच. तुळसा चुलीपुढून ते बघायची आणि लाकूड उगाच आत ढकलायची. धूर झाला की डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळायचं.

तिला एकच जागा मोकळी होती. बुवांचं कीर्तन. बुवांनी वीणेकऱ्याला हात जोडले, टाळकऱ्यांची रांग डुलायला लागली, भिवाजीची मृदंगावर पहिली थाप पडली, की तुळसाच्या छातीतली गाठ सुटायची. तिथे ती कुणाची दुसरी नव्हती. पांडुरंगापुढे पहिली-दुसरी असं काही नसतंच. मृदंग घुमायला लागला की ती बसल्या जागी हातानं ताल धरायची, आणि घरी येईपर्यंत तिला आवडाबाईची आठवण व्हायची नाही. भाग्य मोठं होतं ते.

उत्सवात एक चाल अशी होती की जे झाड फळत नाही त्याच्यावर कोयता उगारायचा. मान भिवाजीचा. मृदंग खाली ठेवून तो कोयता घ्यायचा, खोडाला टेकवायचा आणि विचारायचा, "देतंस का तोडू?" असं तीनदा. घरच्या कुणीतरी मध्ये पडून म्हणायचं, "तोडू नका, पुढल्या साली देईल, मी जामीन." मग कोयता खाली, गुलाल वर आणि सगळे हसत पुढे. पण जामीन कुणी राहिलं नाही, तर झाड देवळाचं. मग ते खरंच तुटायचं. तशी वेळ कधी आली नव्हती, ही गोष्ट निराळी. फणसाला दरवर्षी गोमाजी जामीन राहायचा.

यंदा मात्र आळं उकरता उकरता त्यानं कुदळ बाजूला ठेवली. "तुलसे, उद्या मी काय बोलनार नाय. दरसाल देवासमोर खोटा पडतंय मी. आता घरची बाई तू. बोलायचं तर तू बोल."

तुळसानं वर बघितलं नाही. "बघू," म्हणाली. पण तिच्या मनात उकळी फुटली. बोलायचं नाही! नुसतं गप्प राहायचं. कुणी नावं ठेवणार नाही, पाप लागणार नाही, आणि अंगण मोकळं होईल. त्या जागी ती पांढऱ्या, वासाच्या फुलांचा अनंत लावेल. पुढल्या वर्षी मधुच्या भोंग्यातून येईल, 'तुळसाबाईंचा अनंत!' त्या आनंदात तिनं फणसाला चुना इतका सुबक लावला की भागीरथी म्हणाली, "काय गो, लगीन हाय काय त्याचं?"

"निरोप हाय," तुळसा म्हणाली.

सकाळी देऊळ भरलं. बुवांनी नेमकी त्या दोन राण्यांची आणि स्वर्गातल्या झाडाची कथा लावली. झाड हवं म्हणून एक हटून बसली, देवानं आणून तिच्या दारात लावलं, आणि फुलं पडली ती सवतीच्या अंगणात! बुवांनी रुसलेल्या राणीचा असा काही आवाज काढला की बाप्ये पोट धरून हसले. भागीरथीनं तुळसाला कोपरानं ढोसलं.

"बुवांना कुनी सांगितलं गो तुझं?"

तुळसाच्या हाताचा ताल चुकला. त्या राणीचं झाड निदान तिचं स्वतःचं होतं, तिला वाटलं. इथे झाड सवतीचं आणि पाचोळा माझा! बुवा पुढे भक्तीचं काही रसाळ सांगत होते, पण ते तिला ऐकू आलं नाही. कीर्तनात आवडाबाई शिरली ती पहिल्यांदाच. थांब, तुळसा मनात म्हणाली, दुपारपर्यंतचीच आहेस तू.

दिंडी अंगणात आली. मधुनं ठरलेला पुकारा केला. तुळसानं फणसाची ओटी भरली, खण-नारळ ठेवला आणि बाजूला झाली. भिवाजीनं मृदंग उतरवला, कोयता घेतला आणि पातं खोडावर टेकवलं.

"देतंस का तोडू?"

सगळे गोमाजीकडे बघायला लागले. गोमाजी टाळाच्या दोरीशी चाळा करत खाली बघत राहिला. तुळसानं पदर दातात धरला.

"काय रं गोमाजी?" भिवाजी कुजबुजला. "बोल की."

"घरची बाई बोलेल," गोमाजी म्हणाला.

सगळ्यांच्या माना तुळसाकडे वळल्या. ती समोरच्या कुंपणाकडे बघत होती, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं वाळत घातलं होतं.

भिवाजीनं जरा मोठ्यानं विचारलं, "देतंस का तोडू?"

कुणीच बोललं नाही. कंपनीचा भोंगा झाला तेवढाच. मग भिवाजीनं कोयत्याच्या मुठीनं खोड ठोकून बघितलं, कान लावला, आणि त्याचा चेहराच बदलला. एखाद्या गवयाला सूर सापडावा तसा.

"बुवा," तो म्हणाला, "वाईट काय नाय त्यात. माझ्या मृदंगाचं खोड तडकलंय, तुम्हाला ठावं हाय. फनसाच्या लाकडासारखं मृदंगाला दुसरं लाकूड नाय. आन हा बुंधा बघा. कोरला तर काय घुमेल! पुढल्या दोन पिढ्या बघायला नको."

राघोबुवांनी डोळे मिटून मान हलवली. "देवाच्या दारात वाजेल. झाडाचं सोनं होईल, गोमाजी."

गोमाजीचे डोळे भरून आले. आयुष्यात पहिल्यांदा तो चारचौघांत मोठ्यानं बोलला. "मग त्यावर आवडाचं नाव घालू. चालंल ना बुवा? पितळी पट्टीवर."

"का नाही चालणार? आवडाबाईंचा मृदंग," बुवा म्हणाले. "प्रत्येक एकादशीला."

तुळसाचा पदर दातातून सुटला.

आवडाबाईंचा मृदंग! एकादशीला, सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात. बुवांनी अभंग उचलला की पहिली थाप तिची. सगळ्या जगात एक जागा होती जिथे ही बाई नव्हती, आणि आता ती तिथेच जाऊन बसणार, पितळी पट्टी लावून, देवाच्या उजव्या हाताला. आणि आपण खाली सतरंजीवर बसून तिच्या तालावर टाळ्या वाजवायच्या! अंगणात होती तर निदान केरसुणी तरी मारता येत होती.

भिवाजीनं कोयता उचलला. या वेळी त्याच्या आवाजात चालढकल नव्हती. "देतंस का..."

"थांबा!" तुळसा ओरडली. "कोयता खाली घ्या!"

"अगो, आता?" भिवाजी हिरमुसला. "दोनदा इचारलं तवा काय तोंडात सुपारी होती?"

"तीनदा इचारायचं असतंय ना? मग तिसऱ्यांदा बोलतंय मी. तोडू नका. पुढल्या साली देईल. मी जामीन."

"आन नाय दिलं तर?"

"नाय दिलं तर त्याचं नि माझं भांडन हाय. ते आम्ही बघून घेऊ. तुम्ही दुसरं लाकूड बघा."

अंगण हसण्यानं भरून गेलं. राघोबुवांनी गुलाल उधळला, थोडा तुळसाच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "बाई, दुसरीनं लावलेल्या झाडासाठी उभी राहिलीस. मन मोठं पाहिजे त्याला."

तुळसानं वाकून त्यांचे पाय धरले आणि मान वर केली नाही. बुवांपुढे खोटं बोलणं नको, आणि खरं तर त्याहून नको.

गोमाजी तिच्याकडे असा बघत होता की तिला चीड आली आणि बरंही वाटलं. मधुला मात्र आता काय पुकारावं ते सुचेना. त्यानं डोकं खाजवलं आणि ओरडला, "आवडाबाईंचा फणस! जामीन तुळसाबाई! बोला, पुंडलिक वरदे..."

नाव आलं. खाडीपलीकडे गेलं. पण आलं ते मागून, तुळसानं नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी ओल्या अंगानं तांब्या घेऊन फणसाकडे निघाला. तुळसानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आता पानी नाय घालायचं. फळ धरेपर्यंत एक थेंब नाय."

"आवडा पन असंच..." गोमाजी बोलून गेला आणि जीभ चावली.

"ठावं हाय मना आवडा काय करायची," तुळसा म्हणाली.

तो आत गेल्यावर तिनं इकडेतिकडे बघितलं. भागीरथी कुंपणाशी नव्हती. मग ती फणसाजवळ गेली आणि इतक्या वर्षांत जे नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, ते काढलं.

"आवडे, ऐक गो. तहानेनं मेलीस तरी चालंल, पन एक तरी दे. नायतर भिवाजी तुला कोरून मढवेल, आन मना जन्मभर तुझ्या तालावर नाचावं लागंल. ते मी करनार नाय."

आणि तांब्यातलं पाणी तिनं दोन पावलं पलीकडे, रात्रीच खोचलेल्या अनंताच्या काडीवर ओतलं.